क्रियापदाच्या पुढे काय येतं? खऱ्या इंग्रजी वाक्यांतून रचना शोधण्याची पद्धत

‘डिस्कस अबाउट द प्रॉब्लेम’, ‘प्लीज एक्सप्लेन मी’, ‘सजेस्ट मी अ गुड हॉटेल’, ‘शी मॅरीड विथ अ डॉक्टर’, ‘डोन्ट बी अँग्री ऑन मी’. या पाचही तुकड्यांत काळ चुकलेला नाही, शब्दांची निवडही ठीक आहे, ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. चुकलंय ते मुख्य शब्दाच्या लगेच पुढे. ‘डिस्कस’ला थेट कर्म लागतं, ‘एक्सप्लेन’ला माणसाआधी ‘टू’ लागतो, ‘मॅरी’ला ‘विथ’ चालत नाही.

या चुका कुठून येतात हे उघड आहे. मराठीत हे नातं नामाला चिकटतं: समस्येविषयी, मला, डॉक्टरशी, माझ्यावर. वाक्य इंग्रजीत नेताना तो प्रत्यय उचलून त्याच्या जागी एक प्रीपोझिशन ठेवायची आपली सवय असते. कधीकधी ते जमूनही जातं, ‘वर अवलंबून’ला ‘डिपेंड ऑन’ चपखल बसतं, म्हणून सवय आणखी पक्की होते. इंग्रजीत मात्र पुढे काय येणार हे क्रियापद ठरवतं आणि प्रत्येक क्रियापदाचा हिशेब वेगळा असतो. नियम पाठ करून हे सुटत नाही. ज्यांची भाषा आहे त्यांनी ते क्रियापद कसं वापरलंय हे पंचवीस-तीस वाक्यांत एकाखाली एक पाहिलं की सुटतं.

ही कल्पना जुनी आहे. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी 1942 साली तयार केलेल्या कोशात क्रियापदांच्या 25 रचना मांडल्या होत्या. कोणतं क्रियापद कोणत्या रचनेत बसतं ते प्रत्येक नोंदीपुढे दिलेलं असे. पुढे 1980च्या दशकात बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या गटाने संगणकात साठवलेल्या खऱ्या मजकुरावरून कोश रचला, आणि त्याच परंपरेतून 1990च्या दशकात हजारो क्रियापदांच्या रचना वेगळ्या काढल्या गेल्या. त्या लोकांनी मोठ्या प्रमाणावर जे केलं, तेच आता घरबसल्या, फुकट, एका क्रियापदापुरतं करता येतं.

साधनं

खऱ्या वापरातला मजकूर गोळा करून शोधण्याजोगा साठवला की त्याला कॉर्पस म्हणतात. अगदी नवख्याने ‘स्केल’पासून सुरुवात करावी. स्केच इंजिन या सशुल्क साधनाचं विद्यार्थ्यांसाठी केलेलं हे मोफत रूप. इंग्रजीत त्याची अक्षरं एस-के-ई-एल-एल अशी. नाव नोंदवावं लागत नाही. शब्द टाकला की जास्तीत जास्त 40 उदाहरणवाक्यं मिळतात. शेजारच्या ‘वर्ड स्केच’ या भागात त्या शब्दाबरोबर कोणते शब्द वारंवार येतात ते गटवार दिसतं.

दुसरं साधन ‘कोका’, इंग्रजीत सी-ओ-सी-ए. समकालीन अमेरिकी इंग्रजीचा हा कॉर्पस 1990 ते 2019 या काळातल्या शंभर कोटींहून अधिक शब्दांचा आहे. संभाषण, कथा, मासिकं, वर्तमानपत्रं, शैक्षणिक लेखन, मालिका-चित्रपटांची उपशीर्षकं असे त्यात कप्पे आहेत. खातं मोफत उघडता येतं, रोजच्या शोधांवर मर्यादा असते, पण शिकणाऱ्याला ती सहसा आड येत नाही. ब्रिटिश वापर पाहायचा तर दहा कोटी शब्दांचा ब्रिटिश नॅशनल कॉर्पस आहे. त्यातला नव्वद टक्के मजकूर लिखित आणि दहा टक्के बोललेला आहे.

तिसरं साधन ‘अँटकॉन्क’. ते संगणकावर उतरवून घ्यायचं आणि त्यात आपल्याच फाइली घालायच्या. त्याचा उपयोग शेवटी येईल.

गुगलवर अवतरणचिन्हांत शब्द टाकून ‘इतके लाख निकाल आले म्हणजे बरोबर’ असं ठरवू नका. तो आकडा अंदाजी असतो, आणि विरामचिन्हं धरली जात नसल्याने एका वाक्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला चिकटतो. चॅटबॉटला विचारलं तर वाक्य बहुधा बरोबर मिळेल, पण सहसा ते एकच मिळेल. इथे एका वाक्यापेक्षा वाक्यांची रांग महत्त्वाची आहे.

पायरी 1: क्रियापद निवडा

कोश उघडून अ पासून सुरुवात करू नका. गेल्या महिन्यातले आपले ईमेल, अर्ज, निबंध काढा आणि त्यात वारंवार आलेली क्रियापदं लिहून घ्या. नोकरी करणाऱ्याच्या यादीत बहुधा ‘सजेस्ट’, ‘एक्सप्लेन’, ‘डिस्कस’, ‘इन्फॉर्म’, ‘रिक्वेस्ट’, ‘रिमाइंड’, ‘अलाउ’, ‘अव्हॉइड’, ‘इन्सिस्ट’, ‘वॉन्ट’, ‘आस्क’, ‘टेल’ ही असतील. एका बैठकीत दोनच घ्या. तिसऱ्यापासून डोळे ओळींवरून नुसते घसरत जातात.

पायरी 2: सगळी रूपं शोधा

फक्त ‘सजेस्ट’ शोधलं तर ‘सजेस्ट्स’, ‘सजेस्टेड’, ‘सजेस्टिंग’ निसटतात, आणि नेमक्या त्यांतच वेगळ्या रचना असू शकतात. कोकामध्ये शब्द कॅपिटल अक्षरांत टाइप केला की सगळी रूपं एकदम येतात. तिथे ‘क्विक’ (के-डब्ल्यू-आय-सी) नावाची मांडणी निवडा. आपला शब्द मधल्या रकान्यात, डावीकडे आधीचा मजकूर, उजवीकडे नंतरचा. क्रम उजवीकडच्या शब्दांनुसार लावा, म्हणजे ‘दॅट’वाल्या ओळी एकत्र येतील, ‘इंग’वाल्या एकत्र. स्केलमध्ये असा क्रम लावता येत नाही. तिथली वाक्यं एक्सेलमध्ये चिकटवून क्रियापदानंतरचा शब्द शेजारच्या रकान्यात हाताने लिहिला की काम भागतं.

पायरी 3: आडवं नको, उभं वाचा

इथे सगळे चुकतात. प्रत्येक वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून अर्थ लावत बसलं की रचना दिसत नाही. ओळीत काय सांगितलंय याच्याशी या टप्प्यावर देणंघेणं नाही. मधल्या शब्दाच्या उजवीकडच्या दोन-तीन शब्दांवरून नजर वरून खाली न्या. ‘सजेस्ट’च्या ओळी साधारण अशा दिसतील. हे नमुने रचना समजण्यासाठी बनवले आहेत, तुमच्या ओळी वेगळ्या असतील:

शी सजेस्टेड अ वॉक आफ्टर डिनर.
आय सजेस्टेड द आयडिया टू माय बॉस.
ही सजेस्टेड दॅट वी वेट अनटिल मंडे.
द एव्हिडन्स सजेस्ट्स दॅट द फायर स्टार्टेड इन द किचन.
आय सजेस्ट टेकिंग द अर्ली ट्रेन.
कॅन यू सजेस्ट व्हेअर टू स्टे?

पायरी 4: रचनेचा भाग आणि जोडीला आलेला भाग वेगळा करा

पहिल्या ओळीत ‘आफ्टर डिनर’ आहे म्हणून ‘सजेस्ट आफ्टर’ अशी नोंद करायची नाही. ते जेवणानंतरची वेळ सांगतं आणि कुठल्याही क्रियापदाला लागू शकतं. दोन कसोट्या वापरा. तो भाग काढला तर वाक्य उभं राहतं का? आणि तेच प्रीपोझिशन निरनिराळ्या ओळींत पुन्हापुन्हा येतंय का? ‘इन्सिस्ट’च्या ओळींत ‘ऑन’ सतत भेटतो: ‘ही इन्सिस्टेड ऑन पेइंग’. तो काढला की वाक्य मोडतं, म्हणजे तो रचनेचा भाग. ‘वी डिस्कस्ड इट इन द मीटिंग’मधला ‘इन द मीटिंग’ काढला तर काही बिघडत नाही, म्हणून तो सोडायचा.

उलटी अडचणही येते. ‘द हॉटेल ही सजेस्टेड वॉज फुल’ या ओळीत ‘सजेस्टेड’च्या पुढे लगेच ‘वॉज’ आहे. कर्म नाहीसं झालेलं नाही, ‘द हॉटेल’ हेच कर्म आणि ते क्रियापदाच्या आधी गेलंय. प्रश्नांत आणि कर्मणी प्रयोगातही कर्म असंच जागा बदलतं. अशा ओळी पहिल्या फेरीत बाजूला ठेवा. सरळ विधानांवरून रचना ठरली की त्या आपोआप उलगडतात.

पायरी 5: नोंद करा

खुणा साध्या ठेवा: क्रि म्हणजे क्रियापद, ना म्हणजे नाम किंवा सर्वनाम, बाकी ‘टू’-रूप (‘टू गो’), ‘इंग’-रूप (‘गोइंग’), ‘दॅट’-वाक्य आणि प्रश्नशब्द (‘व्हेअर’, ‘हाउ’). वहीत ‘सजेस्ट’ची नोंद अशी होईल:

क्रि + ना
क्रि + ना + टू + ना
क्रि + ‘दॅट’-वाक्य
क्रि + ‘इंग’-रूप
क्रि + प्रश्नशब्द
येत नाही: क्रि + ना + ‘टू’-रूप, आणि ‘सजेस्ट मी अमुक’

‘येत नाही’ ही ओळ सर्वांत मोलाची, आणि बहुतेक जण तीच लिहीत नाहीत. ‘आय सजेस्ट यू टू गो’ हे वाक्य इतकं ऐकलेलं असतं की ते चुकीचं आहे हे लिहून ठेवल्याशिवाय हात थांबत नाही. ‘एक्सप्लेन’च्या नोंदीत ‘एक्सप्लेन द रूल टू मी’ आणि ‘एक्सप्लेन टू मी हाउ इट वर्क्स’ या दोन्ही रचना येतील, आणि ‘येत नाही’मध्ये ‘एक्सप्लेन मी’.

मग ‘गिव्ह मी’, ‘टेल मी’, ‘शो मी’, ‘टीच मी’ कसं चालतं? ठोकळमानाने, इंग्रजीतली जुनी, छोटी, घरगुती क्रियापदं माणूस आणि वस्तू अशी दोन्ही नामं थेट घेतात. लॅटिन-फ्रेंच वळणाची लांब क्रियापदं, जसं ‘एक्सप्लेन’, ‘सजेस्ट’, ‘डिस्क्राइब’, ‘डोनेट’, माणसाआधी ‘टू’ मागतात. पण ‘प्रॉमिस मी’ आणि ‘ऑफर मी’ ही बिनधास्त चालतात, म्हणून हा अंदाज ओळी पाहून पडताळल्याशिवाय वापरू नये.

पायरी 6: अर्थ बदलला की नोंद फोडा

वरच्या नमुन्यांत ‘द एव्हिडन्स सजेस्ट्स दॅट’ ही ओळ बाकीच्यांत बसत नाही. तिथे कोणी सल्ला देत नाहीये, पुरावा काहीतरी सूचित करतोय. त्या अर्थात ‘दॅट’-वाक्यातलं क्रियापद नेहमीसारखं काळाप्रमाणे चालतं. सल्ल्याच्या अर्थात मात्र अमेरिकी लेखनात ‘ही सजेस्टेड दॅट शी गो होम’ असं दिसेल, आणि नवख्याला ती छपाईची चूक वाटेल. चूक नाही. सल्ला, मागणी, आग्रह यांच्यामागून येणाऱ्या ‘दॅट’-वाक्यात मूळ रूप चालतं. ब्रिटिश लेखनात तिथे ‘शी शुड गो’ बरंच आढळतं.

‘इन्सिस्ट’मध्ये हा फरक लख्ख दिसतो. ‘शी इन्सिस्ट्स दॅट ही इज इनोसंट’ म्हणजे तो निर्दोष आहे असं ती ठासून सांगते. ‘शी इन्सिस्ट्स दॅट ही बी रिलीज्ड’ म्हणजे त्याला सोडा अशी तिची मागणी आहे. ‘इज’ आणि ‘बी’ एवढ्यावर अर्थ फिरतो.

‘टू’-रूप आणि ‘इंग’-रूप दोन्ही घेणारी क्रियापदंही इथेच फोडायची. ‘आय रिमेम्बर्ड टू लॉक द डोअर’ म्हणजे आठवलं आणि मग कुलूप लावलं. ‘आय रिमेम्बर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचं आता आठवतंय. ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’मधला माणूस सिगारेट ओढायला थांबलाय, ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’वाल्याने ती सोडली आहे. ‘अव्हॉइड’, ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘कन्सिडर’, ‘डिनाय’ यांना फक्त ‘इंग’-रूप चालतं. ‘डिसाइड’, ‘होप’, ‘प्लॅन’, ‘रिफ्यूज’ यांना ‘टू’-रूप.

एक फसवा ‘टू’ आहे. ‘लुक फॉरवर्ड टू’, ‘ऑब्जेक्ट टू’, ‘बी यूज्ड टू’ यांतला ‘टू’ प्रीपोझिशन आहे, म्हणून ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. ओळखायचं कसं? ‘टू’च्या पुढे नुसतं नाम ठेवून पाहा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू द ट्रिप’ जमतं, म्हणजे क्रियापद आलं तर ‘इंग’-रूपात. ‘आय वॉन्ट टू द ट्रिप’ जमत नाही, म्हणजे तिथे मूळ रूप.

एक रचना, अनेक क्रियापदं

इथपर्यंत एका क्रियापदाच्या रचना शोधल्या. आता उलट दिशेने जा: रचना धरा आणि तीत कोणती क्रियापदं बसतात ते पाहा. आमच्या मते या सगळ्या कामातला सर्वांत रसाळ भाग हाच.

‘क्रि + ना + इनटू + इंग-रूप’ घ्या. ‘दे टॉक्ड हिम इनटू सेलिंग द हाउस.’ कोकामध्ये या जागी काय काय येतं ते शोधलं तर ‘ट्रिक’, ‘फूल’, ‘प्रेशर’, ‘बुली’, ‘कोअर्स’, ‘शेम’ असे शब्द भेटतात. फसवून, दडपण आणून, धमकावून, लाजवून. म्हणजे ही रचनाच एक अर्थ घेऊन येते: समोरचा आपणहून करणार नव्हता, त्याच्याकडून ते करवून घेतलं. ‘टॉक’ला एरवी माणूस थेट कर्म म्हणून चालत नाही, ‘आय टॉक्ड हिम’ चूक आहे. या रचनेत शिरल्यावर चालतं. हे एकदा ध्यानात आलं की ‘शी चार्म्ड हिम इनटू साइनिंग’ पहिल्यांदा वाचूनही अर्थ अडत नाही. उलट बाजूला ‘आउट ऑफ’ आहे: ‘वी टॉक्ड हर आउट ऑफ रिझायनिंग’, राजीनाम्यापासून तिला परावृत्त केलं.

दुसरी अशीच रचना ‘वे’ या शब्दाची. ‘ही एल्बोड हिज वे थ्रू द क्राउड’, कोपरं मारत गर्दीतून वाट काढली. ‘शी ब्लफ्ड हर वे थ्रू द इंटरव्ह्यू’, थापा मारत मुलाखत निभावली. क्रियापद कसं ते सांगतं, ‘वे’ आणि पुढचं प्रीपोझिशन पुढे सरकल्याचं. वाचताना ही ओळखा, लिहिताना मात्र ओळींत सापडलेल्या क्रियापदांपुरतीच वापरा.

मराठी बोलणाऱ्याला दोन गट आधी करण्याजोगे आहेत. एक ‘क्रि + ना + टू-रूप’: ‘वॉन्ट’, ‘आस्क’, ‘टेल’, ‘अलाउ’, ‘रिमाइंड’, ‘एक्स्पेक्ट’. ‘तू यावंस असं मला वाटतं’ हे डोक्यात असलं की ‘आय वॉन्ट दॅट यू शुड कम’ बाहेर पडतं. हवं असतं ‘आय वॉन्ट यू टू कम’. ‘लेट’ आणि ‘मेक’ या गटात नाहीत, त्यांना ‘टू’ लागत नाही: ‘दे मेड हिम वेट’. पण कर्मणीत ‘टू’ परत येतो, ‘ही वॉज मेड टू वेट’. ‘लेट’चं या रचनेत कर्मणी सहसा करतच नाहीत, तिथे ‘वॉज अलाउड टू’ वापरतात.

दुसरा गट प्रश्नशब्दाचा. मराठीतला ‘की’ इथे घात करतो. ‘ही आस्क्ड दॅट व्हेअर आर यू गोइंग’मध्ये ‘दॅट’ जास्तीचा आणि क्रमही प्रश्नाचा. बरोबर रचना ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग’. ‘आस्क’च्या तीस ओळी उभ्या वाचल्या तर प्रश्नशब्दाआधी ‘दॅट’ दिसणार नाही.

चुकीचं वाटतं ते नेहमी चुकीचं नसतं

पडताळताना काही ओळी गोंधळात टाकतात. ‘डिस्कस अबाउट’ शोधल्यावर ‘वी डिस्कस्ड अबाउट ट्वेंटी केसेस’ अशी ओळ मिळू शकते. तिथे ‘अबाउट’ म्हणजे सुमारे, सुमारे वीस प्रकरणं. ‘डिस्कशन अबाउट’ बरोबरच आहे, कारण ते नाम. ‘रिक्वेस्ट फॉर’चंही तसंच: ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ चालतं, ‘आय रिक्वेस्टेड फॉर लीव्ह’ नाही. ‘एंटर इनटू द रूम’ टाळावं, पण करार करताना ‘एंटर इनटू ॲन अग्रीमेंट’च लिहितात. ‘रीच्ड टू द स्टेशन’ चूक, ‘हर हेअर रीच्ड टू हर वेस्ट’ ठीक, कारण तिथे पोहोचण्याचा अर्थ लांबीचा आहे. म्हणून नुसता आकडा पाहू नका, ओळी उघडा. आणि एकट्या आकड्यापेक्षा दोन पर्याय शेजारी ठेवून तुलना करा: ‘एक्सप्लेन टू मी हाउ’ किती, ‘एक्सप्लेन मी हाउ’ किती.

कप्पाही बघा. ‘प्रोटेस्ट द डिसिजन’ अमेरिकेत रूढ आहे, ब्रिटनमध्ये ‘प्रोटेस्ट अगेन्स्ट’. ‘राइट मी’ अमेरिकी, ब्रिटिश माणूस बहुधा ‘राइट टू मी’ म्हणेल. परीक्षेसाठी दोन्ही चालतात, एकाच निबंधात सरमिसळ मात्र बरी दिसत नाही.

भारतीय इंग्रजीचा स्वतंत्र अभ्यास महाराष्ट्रातच झाला आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली 1978 सालच्या छापील भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा कॉर्पस तयार झाला. साधारण दोन हजार शब्दांचे 500 उतारे, म्हणजे अमेरिकेतल्या ब्राउन कॉर्पसच्याच मापाचा, त्यामुळे दोघांची तुलना करता येते. आपल्याकडची रचना ‘चूक’ की ‘इथली रीत’ हा वाद भाषाशास्त्रात जिवंत आहे. शिकणाऱ्यापुरतं उत्तर व्यवहारी आहे: वाचणारा परदेशी परीक्षक किंवा ग्राहक असेल तर ब्रिटिश वा अमेरिकी ओळींत सापडणारी रचना वापरा.

नाम आणि विशेषणं

पद्धत तीच, म्हणून थोडक्यात. ‘गुड ॲट’, ‘अफ्रेड ऑफ’, ‘अँग्री विथ’ किंवा ‘ॲट’, ‘केपेबल ऑफ डुइंग’ पण ‘एबल टू डू’. नामांत ‘द डिसिजन टू क्लोज’, ‘द पॉसिबिलिटी ऑफ क्लोजिंग’, ‘द फॅक्ट दॅट’. विशेषणाच्या ओळींतही क्रम उजवीकडून लावा.

आपलंच लेखन तपासा

अँटकॉन्कचा उपयोग इथे. आपले जुने ईमेल आणि अहवाल साध्या मजकुराच्या फाइली म्हणून साठवा, एन्कोडिंग यूटीएफ-8 ठेवा. मूळ पीडीएफमधून मजकूर उचलला असेल तर ओळी मध्येच तुटलेल्या नाहीत ना ते बघा, नाहीतर शोध अर्धवट येतो. फाइली घालून वहीतलं एकेक क्रियापद शोधा, क्रम उजवीकडच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या शब्दानुसार लावा, आणि प्रत्येक ओळ ‘येत नाही’च्या रकान्याशी ताडून पाहा. क्रियापदानंतर एक तारका टाकली, म्हणजे ‘सजेस्ट*’, तर सगळी रूपं येतात, पण ‘सजेशन’ही येईल, तो नजरेने वगळा. जिथे आपली रचना वहीत नाही, ती ओळ लगेच दुरुस्त करू नका. आधी कोकामध्ये टाकून पाहा. काही वेळा वहीतच एक रचना राहून गेलेली असते.